कुकडियोचा नकाशा

दांडिया बाजारात इंगळ्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या वर, एक नकाशा टांगलेला आहे. पाहुणा जेवायला बसला की आमटीचा पहिला भुरका मारताना त्याची नजर तिथे जाते, आणि मग बळवंतराव इंगळे हातातली वाटी ठेवून उठतात. हा हातपंप, इथे गाडी ठेवायची. ही पायवाट. हे मोहाचं झाड, इथपर्यंत तासभर. ही खिंड. आणि कोपऱ्यातल्या चौकोनात, मोठ्या मापात, कुकडियो डोंगराचा माथा. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा खडक, वरचा सपाट भाग, पाण्याचा रांजणखळगा, दोन भेगा, एक वाळकं खैराचं झाड. माथ्यापासून चहूबाजूंना बाण निघालेले आणि प्रत्येकाच्या टोकाशी तिथून काय दिसतं ते छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलेलं.

"वा! किती वेळा गेलात वर?" पाहुणा विचारतो.

"एकतीस वर्षं नेतोय मंडळींना," बळवंतराव सांगतात.

उत्तर खरं आहे. फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं नाही. कारण कुकडियोच्या माथ्यावर बळवंतराव एकदाही गेलेले नाहीत.

यात लबाडी आहे असं त्यांना कधी फारसं वाटलं नव्हतं. अडतीस वर्षं त्यांनी सिंचाई खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. सर्व्हेअर उन्हातान्हात हिंडून चिखलाचे डाग पडलेली फील्डबुकं आणून टेबलावर टाकायचे, आणि बळवंतराव पंख्याखाली बसून त्यातून कालवे, बंधारे, गावतळी काढायचे. त्यातलं एकही तळं त्यांनी पाहिलं नव्हतं. तू तिथे उभा राहिला होतास का, असं कुणी ड्राफ्ट्समनला विचारत नाही. नकाशा बरोबर आहे का, एवढंच विचारतात. आणि बळवंतरावांचा नकाशा बरोबर असायचा.

कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींची ही सहल उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या, रविवारी निघते. वाघोडियाच्या पुढे तासभर गाडी, मग दीड तासाची चढण. फार अवघड नाही, अगदी सोपीही नाही. पहिल्या वर्षी बळवंतराव शेवटच्या खडकापाशी सगळ्यांबरोबर पोचले होते. खडक पंधरा फुटांचा, पावलं ठेवायला खोबण्या आहेत, आठ वर्षांची मुलंही चढतात. पाचव्या खोबणीवर त्यांनी दोन पायांमधून खाली पाहिलं आणि पाय शिवणयंत्रासारखे चालू लागले. तसेच बसत बसत ते खाली आले आणि खिंडीच्या सावलीत थांबले. मंडळी उतरली तेव्हा सवयीने त्यांनी विचारलं, "पाणी कुठे आहे? किती पावलांवर? डावीकडे काय दिसतं?" आणि खिशातल्या डायरीत टिपून घेतलं. पुढे दरवर्षी "तुम्ही व्हा पुढे, मी शेवटच्याला हात देतो," म्हणून ते खाली राहायचे, आणि उतरणाऱ्यांकडून मापं घ्यायचे. लोकांना वाटायचं, काय हौस आहे या माणसाला!

खरी अडचण कुसुमावतींची होती. त्यांची बायको. त्या मोहाच्या झाडाखाली सामान राखत बसायच्या, कारण तिथली वांदरं अर्ध्या मिनिटात डबे पळवतात, आणि कारण त्यांच्या चष्म्याचा नंबर होता उणे अकरा. "मला वर नेऊन काय उपयोग? तुम्ही पाहा आणि सांगा," असं त्याच म्हणाल्या होत्या. पहिल्या वर्षी बळवंतराव झाडापाशी परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मी हात केला, पाहिलात ना? पांढऱ्या टोपीत तुम्हीच होता ना?"

बळवंतरावांचे पणजोबा गायकवाडी फौजेत घोड्यावर होते, आणि इथे विजारीच्या बुडाला खडकाची लाल माती लागलेली होती. बळवंतराव म्हणाले, "हं."

हा "हं" एकतीस वर्षं चालला.

मग दिवाळीनंतर कुसुमावतींचे दोन्ही डोळे झाले. मोतीबिंदू गेला आणि त्याबरोबर उणे अकराही गेला. आता जवळचं वाचायला तेवढा चष्मा लागतो. उत्तरायणाला त्या गच्चीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्या चौथ्या गच्चीवरच्या माणसाच्या शर्टाचं बटण तुटलंय." बळवंतरावांच्या हातातला तिळाचा लाडू तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "यंदा सामान तुम्ही सांभाळा. मी वर जाणार."

"गुडघे दुखतील."

"गुडघे माझे आहेत."

"खडक आहे शेवटी. पंधरा फूट."

"नकाशात आहे की," कुसुमावती म्हणाल्या. "सगळं ताडून पाहणार मी. एकतीस वर्षं डोक्यावर टांगलंय ते."

त्या आठवड्यात बळवंतरावांनी दुपारी, त्या झोपल्यावर, फोन केले. चुकीचं काही निघालं नाही तर कुठलाच प्रश्न निघणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. फत्तेगंजला राहणारे धनाजीराव पहिल्या सहलीपासूनचे. आता वर्षभर ते दम्याने घरात आहेत.

"धनाजीराव, तो रांजणखळगा भेगेच्या अलीकडे की पलीकडे?"

"अरे बळवंता, दरवर्षी तू लिहून घेतोस आणि मला विचारतोस?"

"वय झालं. आठवत नाही."

"मग बदाम खा," म्हणून धनाजीरावांनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी सहा वाजता नऊ माणसं गाडीत बसली. धनाजीरावांची मुलगी मोहना होती, ती कॉलेजात शिकवते, आणि तिची मैत्रीण पूर्वी. ती गुजराती, पण मोहनाच्या घरी जेवून जेवून मराठी शिकलेली.

"काकी वर, काका खाली?" पूर्वी म्हणाली. "आज तो वांदरांने मजा पडी जशे!"

"सगळं शिकवलंय त्यांना," कुसुमावती म्हणाल्या. "काठी हातात ठेवायची, पिशवीची गाठ सोडायची नाही, आणि वांदराच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही."

"काका, नोकरीचा पहिला दिवस आहे हं. डुलकी नको."

बळवंतराव हसले, पण खिडकीबाहेर पाहत.

चढण नेहमीसारखी झाली. पळसाची पानं झडलेली, वाटेत काट्यांना अडकलेल्या पतंगांच्या चिंध्या. कुसुमावती हळू पण न थांबता चालत होत्या, आणि मधेच म्हणायच्या, "ते बघा, त्या फांदीवर खंड्या," आणि बाकीच्यांना तो सापडायला वेळ लागायचा.

मोहाच्या झाडाखाली सामान ठेवलं गेलं. कुसुमावतींनी जवळचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवला, नकाशाची झेरॉक्स घडी करून कमरेला खोचली. बळवंतरावांनी आपली पांढरी टोपी काढून त्यांना दिली.

"ऊन लागेल. आणि हे बघ, खडकाच्या पाचव्या खोबणीला डावा पाय आधी टाक. उजवा टाकलास तर पुढे हात पोचत नाही."

"आणि सहावीला?"

"सहावीला... मोहना सांगेल."

त्या गेल्या. बळवंतराव झाडाच्या एका मुळावर बसले. ते मूळ बसून बसून गुळगुळीत झालं होतं, आणि ते कुणी बसून झालं हे त्यांना ठाऊक होतं. इथे ते दरवर्षी फक्त डबा खायला टेकायचे, तेही सगळ्यांकडे तोंड करून. आज पहिल्यांदा ते कुसुमावतींसारखे बसले, डोंगराकडे तोंड करून. समोर, झाडाच्या दोन फांद्यांच्या मधोमध, कुकडियोचा तुरा उभा होता. इतका जवळ, की हात लांब करावा.

ते पाहून त्यांना काहीतरी टोचलं, पण काय ते नेमकं कळेना.

अर्ध्या तासाने खडकावर माणसं दिसू लागली. एक, दोन, मग तिसरं, पांढऱ्या टोपीचं, बुटकं, जरा वाकलेलं. ते सरळ झालं. पोचली! बळवंतराव उठूनच उभे राहिले. टोपीवालीने हात वर केला. बळवंतरावांनी खांद्यावरचा पंचा काढून जोरात हलवला. टोपीवालीने दोन्ही हात हलवले. बळवंतरावांनी पंचा गरगर फिरवला. असं बरंच चाललं. वळले तेव्हा एक थोराड वांदर थेपल्यांची पिशवी काखोटीला मारून निघालं होतं. काठी चार हात लांब पडलेली.

पाऊण तासाने मंडळी उतरून आली. कुसुमावतींच्या साडीला लाल माती, कपाळावर घाम, तोंडावर लहान मुलीसारखं तेज. त्या आपल्या मुळावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि नकाशा मांडीवर पसरला.

"रांजणखळगा चोवीस पावलं लिहिलाय. माझी सत्तावीस झाली."

"तुझी पावलं लहान."

"भेगा बरोबर आहेत. खैराचं झाड पडलंय."

"कधी?"

"मला काय विचारता? मागच्या वर्षी होतं का?"

"होतं... बहुतेक."

कुसुमावतींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "बाजव्याच्या कारखान्याची चिमणीबिमणी काही दिसली नाही."

"खाली लिहिलंय. हवा स्वच्छ असल्यास."

"लिहिलंय खरं." त्यांचं बोट नकाशावर फिरत राहिलं. बळवंतरावांनी श्वास सोडला. मग कुसुमावतींनी विचारलं, "आणि हे झाड?"

"कुठलं? हे? आहे की. वाटेवर, कंसात 'सामान' लिहिलंय."

"ते वाटेवर. वरच्या चौकोनात नाही. बाण किती आहेत बघा, पावागड आहे, तलाव आहे, न दिसणारी चिमणी आहे. अहो, खडकावर चढून मान वर केली की पहिलं हेच झाड दिसतं. पावागड नंतर. तुम्ही पंचा हलवत होता आणि मागे वांदर पिशवीत हात घालत होतं, तेसुद्धा दिसलं. ओरडले मी, पण ऐकू कसं जाणार?"

बळवंतरावांना आता कळलं, मघाशी काय टोचलं होतं. एकतीस वर्षं ते उतरणाऱ्यांना विचारत आले, आणि त्यांनी खडक सांगितले, पाणी सांगितलं, पावागड सांगितला. सामानाचं झाड कोण कशाला सांगेल? तिथे त्यांचं कोण बसलं होतं?

कुसुमावती हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही एकदा जरी वर गेला असता, तर हे झाड काढल्याशिवाय राहिला नसता."

बळवंतराव काठीने माती उकरत राहिले. "पाचव्या खोबणीपर्यंत गेलो होतो," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी."

"ते मला खडकावरच कळलं. पाचवीपर्यंत तुम्ही सांगितल्यासारखं होतं. सहावीला पाय आपोआप पडतो, सांगावं लागतच नाही." त्यांनी उरलेल्या पिशवीची सुटलेली गाठ पुन्हा बांधली, जरा जास्तच घट्ट. "आणि मग मी हात कुणाला करत होते? एकतीस वर्षं?"

बळवंतरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "पहिली बरीच वर्षं धनाजीरावांना. त्यांचीही टोपी पांढरी."

"अगं बाई! आणि तो माणूस परत हात करायचा!"

मोहना आणि पूर्वी शेजारीच डबे उघडत होत्या. मोहनाला ठसका लागला. "बाबा घरी सांगायचे," ती कशीबशी म्हणाली, "की कुसुमवहिनी फार प्रेमळ आहेत म्हणून!"

हसू ओसरल्यावर कुसुमावती म्हणाल्या, "मला राग आलाय. घरी गेल्यावर बघते. आधी पेन्सिल काढा."

पेन्सिल बळवंतरावांच्या खिशात होतीच, टोक केलेली. झेरॉक्स गुडघ्यावर घेऊन ते म्हणाले, "दिशा सांग."

"मला काय कळतंय दिशेतलं?"

"झाडाकडे तोंड करून उभी होतीस तेव्हा ऊन कुठल्या गालावर होतं?"

कुसुमावतींनी डोळे मिटले. "डाव्या."

"वाजले होते साडेदहा. म्हणजे नैर्ऋत्य." त्यांनी नखाने माप धरलं आणि एक बाण काढला, सरळ, पट्टीशिवाय. टोकाशी लिहिलं, मोहाचं झाड. मग पेन्सिल थांबली. "झाडाखालचा माणूस ओळखू येतो?"

"येतो."

तेही त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं. "पुढे 'हवा स्वच्छ असल्यास' घालू?"

कुसुमावतींनी चष्मा काढून दोरीवर सोडला आणि खडकाकडे पाहिलं. "काही गरज नाही," म्हणत त्यांनी पांढरी टोपी काढून बळवंतरावांपुढे धरली. "घाला टोपी, ऊन फार झालंय."