पाळणाघराचं कुलूप

मॅनेजरनं मला मारलं ते डायरेक्टर बाईंच्या समोर.

कमिटीची मीटिंग होती. बाकीचे खुर्च्यांवर. मी दाराशी, जमिनीवर. कामगार बायांची मेंबर म्हणून मला बोलावलेलं. बाईंनी हसून विचारलं, "तुमच्या बायकांना आणखी काय हवं, सांग बरं."

मी उभी राहिले. म्हणाले, "पाळणाघराचं कुलूप काढा. दुसरं काय नको."

मॅनेजर उठला. उलट्या हातानं तोंडावर हाणली. मी टेबलाच्या कडेवर आदळले. ओठ फाटला. पांढऱ्या कापडावर रक्त पडलं.

"खुर्चीवाल्यांत बोलावलं की माजतात," तो म्हणाला.

बाईंनी आपला चहाचा कप उचलून बाजूला घेतला. मग हळूच म्हणाल्या, "इथं नको. बाहेर न्या तिला."

वॉचमननं दंडाला धरून मला पायऱ्यांवरून खाली ओढलं.

कारखाना पिंपरीजवळचा, सरबताचा. जुन्या बाटल्या धुऊन परत भरायच्या. मी धुण्याच्या खात्यात. हौदात उकळतं सोड्याचं पाणी. सोडा हाताची सालं काढायचा. पोरं तिथंच. घरी बघायला कोण? माझी गंगी रांगती होती. तिच्या कमरेला जुन्या लुगड्याचं धडपं बांधून दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधायची मी. जनावर बांधतात तसं.

बाई म्हणजे मालकांची सून. शिकलेली. कंपनीच्या बोर्डावर आलेली पहिली बाई. आम्हालाही बरं वाटलं होतं. म्हटलं, बाई आलीय, बाईचं दुखणं हिला कळंल.

तिनं पाळणाघर बांधलं. गुलाबी रंगाची खोली, नवे पाळणे. उद्घाटनाला माइकवरून म्हणाली, ही कंपनीची आपल्या भगिनींना भेट. एवढ्या बाया कामाला असल्या की पाळणाघर द्यावंच लागतं, असा सरकारचा कायदा आहे, हे आम्हाला फार पुढं कळलं. त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी गंगीला कडेवर घेऊन फोटो काढला. फोटो झाला तशी पोर माझ्याकडं दिली आणि साबण मागवून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. मॅनेजर म्हणाला, "घाण करता तुम्ही. पाहुणे आले की उघडू."

पोरं परत टेबलाखाली.

एक दिवस धडप्याची गाठ सुटली. गंगी रांगत मोरीकडं गेली. त्याच वेळी वरच्या हौदाचं बूच निघालं, उकळतं पाणी मोरीत आलं. किंकाळी ऐकून धावले. झबलं काढायला गेले तर हाताची कातडी झबल्याबरोबर आली.

पोर जगली. उजवा हात आखडला तो आखडलाच. बाईंनी पेढे पाठवले आणि एक फ्रॉक. लांब बाह्यांचा. हात झाकेल असा.

पुढं सरकारी इन्स्पेक्टर येणार अशी बातमी लागली. कंपनीनं घाईनं कल्याण कमिटी केली. तीत एक कामगार बाई पाहिजे होती. मला घेतलं. मुकादम म्हणाला, "पोर भाजली तुझी, म्हणून घेतलंय. उपकार समज."

त्या कमिटीत मी तोंड उघडलं. आणि फोडून घेतलं.

पायऱ्यांखालून उठून खात्यात आले. शेजारी काम करणारी सांगवीची ठकू माझं तोंड बघून म्हणाली, "कुणी गं?"

"मॅनेजरनं. बाईपुढं."

ठकूनं हातातली बाटली खाली ठेवली.

बॉयलरपाशी कोळसा फोडायची पहार असायची. ती उचलली. पाळणाघराकडं चालू लागले. मागं ठकू. तिच्यामागं पोरं काखेत मारून सगळं खातं. कुलूप एका घावात तुटलं नाही. मी मारत राहिले. कोयंडा फळीसकट निघाला.

मॅनेजर धावत आला. माझा अंबाडा धरून जमिनीवर पाडलं. पोटात लाथ घातली. परत घातली. ठकू त्याच्या मनगटाला चावली, तशी त्याची मूठ सुटली. मी उठले आणि पहार त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. मला बरा वाटला तो आवाज. तो लोळत होता, आईला हाका मारत होता. मी पहार परत उचलली, त्याच्या डोक्यावर. खाली आणली नाही. का, ते मला सांगता येत नाही. दया नव्हती ती.

बाई आल्या. पांढऱ्या पडलेल्या. "अगं, मीसुद्धा बाईच आहे. मला येऊन सांगायचंस!"

"सांगितलं की. तुमच्यापुढंच मार खाल्ला."

पोलिसांनी नेलं. चौकीतही मारलं. इकडं बायांनी पोरं पाळण्यांत घातली आणि दारात बसल्या. उठल्या नाहीत. इन्स्पेक्टर आला तेव्हाही बसलेल्याच होत्या. मग कुलूप लावायची कंपनीची छाती झाली नाही. माझं काम तेवढं गेलं.

मी सुटून आल्यावर बाई गाडी घेऊन आमच्या खोलीवर आल्या. म्हणाल्या, "एकदा मॅनेजरसाहेबांची माफी माग. पाळणाघरात आया म्हणून तुलाच ठेवते."

नवरा म्हणाला, "माग की. काय झिजतंय?"

"तुझं न्हाई झिजायचं," मी म्हणाले. मग बाईंकडं वळले. "म्या माफी मागायची, तर माझ्या पोरीनं काय मागायचं?"

त्या गाडीत बसून गेल्या.

आता चिंचवडला दुसऱ्या कारखान्यात लागलेय. पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारलं, "पोरं कुठं ठेवायची?"

तो म्हणाला, "बघू."

बघू नाही. मला भेट नको. फोटो नको. माझी दया नको कुणाला यायला. कायद्यानं जे आमचं आहे ते द्यायचं. नाही दिलं तर आम्ही घेणार. दार बंद असलं तर मोडून घेणार. आणि माझ्या अंगाला परत कुणी हात लावला, तर तो हात घेऊन त्याला घरी जाता येणार नाही. पुढच्या वेळी मी थांबणार नाही.