पोराचं मशीन सांभाळताना

मुलगा जर्मनीला शिकायला गेला तेव्हा बॅगेत बसेल ते सगळं घेऊन गेला. कांदा-लसूण चटणी, चिवडा, आईने कोंबून भरलेले चार टॉवेल. बॅगेत न बसणारी एकच वस्तू उरली, ती त्याने माझ्या गळ्यात घातली. ती म्हणजे त्याचा कॉम्प्युटर.

गुडघ्याएवढा उंच काळा डबा, इंजिनिअरिंगला असताना त्याने स्वतः जोडलेला. आत दोन पंख्यांचं एक जाडजूड ग्राफिक्स कार्ड. गेम खेळणाऱ्यांसाठी असतात ही कार्डं, पण त्यांच्याकडून गणितंही करून घेता येतात. साध्या कॉम्प्युटरला आठवडा लागेल ते हे एका दिवसात उरकतं. पोराचं शिक्षण वाऱ्याचं. पवनचक्कीच्या पात्याभोवती वारा कसा फुटतो, त्याचं गणित. तिकडून इंटरनेटवरून तो या डब्यात शिरायचा, गणित लावून द्यायचा, आणि इकडे विटा गावातल्या आमच्या माडीवर पंखे घूं करायला लागायचे.

"पप्पा, मशीन तेवढं चालू ठेवा," जाताना एसटी स्टँडवर म्हणाला. मी "व्हय" म्हणालो. बापलेकांनी यापेक्षा जास्त बोलायची आमच्यात रीत नाही.

मी गलाईवाला. तीस वर्षं सेलमला सोनं गाळलं. सराफ जुने दागिने आणून देत, मी ते मुशीत वितळवून त्यातलं हिणकस काढून टाकायचो. या भागातल्या निम्म्या घरांतले पुरुष देशभर हाच धंदा करतात. कॉम्प्युटरशी माझी ओळख एवढीच, की तो टेबलावर असला की तिथे चहाचा कप ठेवू देत नाहीत.

महिनाभरात भरदुपारी फोन आला. सकाळी वीज जाऊन आली होती.

"पप्पा, कार्ड दिसंना झालंय."

मी डब्याच्या एका बाजूच्या काचेतून वाकून बघितलं. "दिसतंय की. हितंच हाय, डब्यात."

तो हसला. जोरात हसला. मी फोन कानापासून जरा लांब धरून बघितला, आपल्याच पोराचा फोन आहे ना म्हणून. माझ्यासमोर तो असा कधी हसल्याचं मला आठवेना.

"तुमाला दिसतंय पप्पा, मशीनला दिसत न्हाई."

मग त्याने समजावलं. मशीन आणि कार्ड यांची भाषा वेगळी, मधे एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हे मला लगेच पटलं. सेलमच्या पहिल्या वर्षी मला तमिळचा त कळत नव्हता. शेजारचा चहावाला गिऱ्हाइकाचं बोलणं मोडक्या हिंदीत सांगायचा. तो एक दिवस आला नाही की माझं दुकान मुकं.

फोन स्टीलच्या डब्याला टेकवून कॅमेरा लावला. तो सांगेल तसं मी बाजूचा पत्रा काढला, कार्ड ओढून काढलं, खाच पुसली, परत दाबून बसवलं. मशीन सुरू केलं. मग माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. काळी चौकट उघडली आणि त्यात एकेक अक्षर उमटायला लागलं. तो तिकडून टाईप करत होता. मधे चुकायचा, खोडायचा, परत लिहायचा.

मी खुर्ची ओढून बसलो. त्याला लिहिताना मी कधी बघितलंच नव्हतं. त्याने पाटीवर पहिलं अक्षर काढलं तेव्हा मी सेलमला, पाचवीला वह्यांना कव्हरं घातली तेव्हाही सेलमला. वर्षातून दिवाळीचे आठ दिवस आणि जत्रेचे चार, एवढाच मी त्याला बाप. आता सव्वीस वर्षांचा पोरगा माझ्यापुढे अक्षर-अक्षर लिहीत होता आणि मी साठी गाठलेला माणूस डोळे फाडून बघत होतो. मी खोकलो. तो म्हणाला, "धूळ उडली का?" मी म्हणालो, "लय धूळ हाय."

दीड तास लागला. शेवटी पडद्यावर एक तक्ता आला, त्यात कार्डाचं नाव, ड्रायव्हरचा आकडा, कार्ड किती तापलंय ते. "आलं, आलं!" तो ओरडला. मीही ओरडलो. खालून बायकोने विचारलं, "आवं, काय झालं?" तिला काय सांगणार.

त्यानंतर मी बिघाडाची वाट बघायला लागलो, हे कबूल करतो. आईला तो दर रविवारी फोन करायचा. तासभर त्यांचं चालायचं, भाजी कोणती, थंडी किती. शेवटी ती फोन माझ्याकडे द्यायची. "बरं हाय ना?" "व्हय. तुमी?" "बरं हाय." संपलं. पण मशीन बिघडलं की फोन थेट माझ्या मोबाईलवर यायचा, आणि मग दोघं तास-दोन तास एका डब्यात डोकं घालून बसायचो.

खंडेनवमीला तर मजाच झाली. त्या दिवशी घरातल्या कामाच्या अवजारांची पूजा असते. माझे चिमटे आणि मुशी बायकोने पाटावर मांडल्या होत्याच. मी धूळ पुसायला मशीनचा पत्रा काढून ठेवलेला, तो तिने बघितला. पोराचं अवजार तेवढं वगळायचं कसं? थेट कार्डावर हळद-कुंकू वाहून वर झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार करून खाली गेली. मी न बघता पत्रा लावला. दुपारी पोराने गणित लावलं, पंखे फिरले, कुंकू डबाभर उडालं आणि झेंडू पात्यात अडकला. एक पंखा बंद. कार्ड तापून मशीन बंद पडलं.

"नव्वदच्या वर गेलं हुतं पप्पा!" तो घाबरून म्हणाला. मी म्हणालो, "आरं, नव्वद म्हंजी आमच्यात च्या सुदिक हुत न्हाई." कॅमेरा लावून पत्रा काढला. आत सगळं लाल-पिवळं. तो पडद्याजवळ तोंड आणून बघत राहिला. मला वाटलं चिडला.

"आईनं केलं?"

"मग काय मी?"

"पंखा पुसा," तो म्हणाला. "कडंचं राहू द्या तसंच."

थंडीत आणखी एक गंमत झाली. मशीनने आपणहून नवा ड्रायव्हर घेतला आणि कार्ड परत गायब. पोराने शोधून सांगितलं, की कार्ड जुनं झालंय. नव्या ड्रायव्हरवाल्यांनी असल्या जुन्या कार्डांना सांभाळायचं सोडून दिलंय. नवा काढून जुनाच घालायचा आणि मशीनला बजावून ठेवायचं, की बाबा, आता नवं काही घेऊ नकोस. मी म्हणालो, "चांगलं चालतंय की कार्ड. ह्यांस्नी काय धाड भरली?" तो म्हणाला, "चालतंय पप्पा, पण त्यांच्या यादीत न्हाई." त्यादिवशी मला त्या कार्डाचा फार पुळका आला.

मी एक वही घातली. कुठली कमांड कशाला, कुठला स्क्रू कुठला, वीज गेल्यावर आधी काय बघायचं. गलाईच्या धंद्यात शिकवणारा कुणी नसतो. शेजारी उभं राहून बघायचं आणि हात भाजून घ्यायचे. तसाच मी हेही शिकलो. उन्हाळ्यात वीज सारखी जायची. कार्ड गायब झालं की मी वही काढायचो आणि पोरगा झोपेतून उठायच्या आत सगळं जागेवर आणायचो. तिकडे सकाळ आपल्यापेक्षा उशिरा होते, मला वेळ चिकार मिळायचा. मग त्याला निरोप धाडायचो, "कार्ड गेलं होतं. आणलं." त्याचा अंगठा यायचा.

एक दिवस बायको म्हणाली, "तुमचा फोन वाजला न्हाई लय दिस."

"कशाला वाजंल? मशीन एक नंबर चालतंय," मी छाती फुगवून म्हणालो.

जेवायला बसलो तेव्हा आपण काय बोललो ते माझ्या डोक्यात शिरलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी शहाणा झालो होतो आणि माझा फोन रिकामा झाला होता.

श्रावण गेला, गणपती गेले. माडीवर बसलो असताना लक्षात आलं, की पंखे घूं करत नाहीत. मशीन चालू, कार्ड जागेवर, तापमान चाळीसच्या आसपास. म्हणजे कुणी कामच सांगत नाही. कोण कधी आत आलं याची यादी मशीन ठेवतं, ती कशी बघायची तेही माझ्या वहीत होतं. यादी काढली. पोरगा शेवटचा आला होता आषाढात. तिकडे कॉलेजात त्याला मोठं मशीन मिळालं असणार, हे कळायला मला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नसेल. मी रोज पंखे पुसत होतो, उन्हाळ्यात विजेपायी घेतलेल्या यूपीएसची बॅटरी बघत होतो, आणि अडीच महिने त्या डब्यात कुणी येत नव्हतं. त्या दुपारी मला माझी बायको आठवली. म्हणजे ती खालीच होती, शेंगा फोडत. मला आठवली ती तिशीतली, माझी खोली झाडून ठेवणारी. तीस वर्षं हिने काय केलं असेल ते मला त्या दिवशी कळलं, आणि खाली जाऊन तिला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

कार्डाला जाणारी वायर थोडी सैल करावी, असं मनात आलं. बोटं तिथपर्यंत गेलीही. पण तीस वर्षं परक्याचं सोनं हाताळलं, कधी गुंजभर खोट केली नाही. पोराच्या मशीनमध्ये कुठून करू? हात मागे घेतला. ठरवलं, काही बिघडलेलं नसताना फोन करायचा. सरळ म्हणायचं, तुझी आठवण आली.

हे लिहायला सोपं आहे. आमच्या गलाईवाल्यांच्या घरात फोन कशासाठी असतो, हे बाहेरच्याला कळायचं नाही. पूर्वी गल्लीत एकच फोन, किराणा दुकानातला. तो वाजला की बायकांचे हात थांबायचे. लांबून फोन म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर कुणीतरी अडकलं. घरी स्वतःचा फोन बसल्यावर मीच दंडक घातला होता, की काही बिघडलं असेल तरच सेलमला फोन करायचा. पोरगा सात-आठ वर्षांचा असताना त्याने एकदा दुकानात फोन लावला. भट्टी पेटलेली, समोर सराफ बसलेला. मी विचारलं, "काय बिघडलंय?" तो म्हणाला, "काय न्हाई." मी म्हणालो, "मग ठेव." त्याने ठेवला. परत कधी केला नाही. तो काय सांगणार होता, हे मी अजून विचारलेलं नाही.

तर दुपारी दोनला त्याला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"पप्पा? काय झालं? आई बरी हाय ना?"

आवाजात भीती होती. ही भीती मीच त्याला दिलेली.

"आई बरी हाय. शेंगा फोडतीय."

"मग? तुमी बरं हाय ना?"

"मी बी बरा हाय."

"मग फोन का केला?"

ठरवलेलं वाक्य जिभेवर होतं. तीन शब्दांचं. ते काही केल्या बाहेर येईना. भलतंच तोंडातून गेलं.

"कार्ड दिसंना झालंय."

मग तो म्हणाला, "थांबा, बघतो." मला वाटलं, आता मेलो. काही सुचायच्या आत माझ्या पडद्यावर बाण हलला. काळी चौकट उघडली. अडीच महिन्यांनी त्याची अक्षरं उमटायला लागली, एकेक. त्याने शेवटचं बटण दाबलं आणि तक्ता समोर आला. कार्डाचं नाव, ड्रायव्हरचा आकडा, तापमान एक्केचाळीस. सगळं धडधडीत, जागच्या जागी. मला दिसत होतं तेच त्याला तिकडे दिसत होतं.

मी शरमेने मान खाली घातली. मग वर बघितलं. बाण तक्त्यावर, कार्डाच्या नावाशी येऊन थांबला होता.

"व्हय पप्पा," तो हळू म्हणाला. "दिसत न्हाई खरं."

मी खुर्ची ओढली.

"पत्रा काढा आणि कॅमेरा लावा. निवांत करू. आज मला काय काम न्हाई."