कॉलरच्या आतली पांढरी पट्टी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शुक्रवारी मिस्साच्या प्रार्थनेला जायचं आणि घरी येऊन कालवण टाकायचं, एवढाच माझा परलोकाशी संबंध! वाचून वेड्यात काढायचं तर खुशाल काढा.

साल २००२. कतारमधलं दोहा, बिन महमूद भागातला आमचा फ्लॅट. नवरा रॉनी, मी आणि दहा वर्षांचा नील. दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, रॉनीच्या साइटवरचा सीनियर, सर्गेई नावाचा वयस्कर रशियन, जेवायला यायचा. माझं कोलंबीचं कालवण चापायचा आणि सुरू व्हायचा — झारच्या काळात सरदारांच्या मुलांसाठी निघालेल्या लष्करी शाळा, क्रांतीनंतर त्या कशा बंद पडल्या, मग महायुद्धात बाप गमावलेल्या पोरांसाठी तशाच शाळा पुन्हा कशा निघाल्या... तो स्वतः दहाव्या वर्षी तिथे गेलेला. पँटच्या कडेला लाल पट्टा, परेड, बँड!

झालं, रॉनीच्या डोक्यात किडा वळवळला. मला एका शब्दाने न विचारता त्याने इंडियातल्या एका सैनिकी बोर्डिंगशी बोलणं सुरू केलं.

"अगं, पोरगा माणूस बनेल. इथे नुसता टीव्ही बघतो."

"आणि आता काय माकड आहे?" मी ओरडले. दोन महिने घरात नुसती भांडणं. हा ढिम्म!

एका शुक्रवारी दुपारी नीलचा शाळेचा शर्ट इस्त्रीला घेतला, तर कॉलरच्या आत पांढऱ्या कापडाची पट्टी शिवलेली. बारीक, सरळ टाके, आणि कोपऱ्यात काळ्या दोऱ्याची गाठ. रॉनीला सुईत दोरा ओवता येत नाही. कामाला बाई नव्हती.

"आय डिडन्ट टच इट, मम्मा," नील म्हणाला.

मी ती उसवून फेकली. पुढच्या शुक्रवारी... नवी पट्टी. तीच काळी गाठ.

आता मात्र माझं डोकं फिरलं. हे नक्की त्या लष्करी शाळेतलंच काहीतरी; रॉनी आणि सर्गेई मिळून माझ्या पोराला आत्तापासून सैनिक करतायत! सर्गेई जेवत होता, त्याच्या ताटाशेजारी मी शर्ट आपटला.

त्याने कॉलर उलटली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अशी पट्टी आम्ही रोज संध्याकाळी शिवायचो," तो इंग्लिशमध्ये म्हणाला. "सकाळी सार्जंट तपासायचा. मळकी निघाली की शिक्षा."

"आणि हे रॉनीला शिकवलंत?"

"नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही." त्याने गाठीवर बोट ठेवलं. "माझ्या शेजारच्या कॉटवर कोल्या होता. त्याला शिवायला जमायचं नाही, रडायचा. त्याची पट्टी मी शिवायचो. माझ्या पट्टीत मिसळू नये म्हणून ही काळी गाठ."

"कुठे असतो तो?"

"घरी जायचं म्हणून पळाला. हिवाळ्यात. बर्फात गोठलेला सापडला."

मला दया यायला हवी होती. आला तो संताप. "इतके शुक्रवार परेड सांगितलीत, बँड सांगितलात. हे पोर का नाही सांगितलंत?"

त्याने मान खाली घातली. मग रॉनीकडे बघून एवढंच म्हणाला, "डोन्ट सेंड हिम."

रॉनीने त्याच संध्याकाळी बोर्डिंगचा विषय बंद केला. खलास.

पट्टी पुन्हा कधी आली नाही. ती कोणी शिवली, आमच्या बंद फ्लॅटमध्ये कशी आली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कोल्याचा मला राग नाही. त्याच्या आत्म्यासाठी दर वर्षी मिस्सा सांगते. राग येतो तो रॉनीचा. मी, नीलची आई, दोन महिने घसा फोडून सांगत होते, तेव्हा याला ऐकू आलं नाही. मेलेल्या पोराचं मात्र एका दुपारीत ऐकलं.