मास्तरांचं तिकीट कोणी काढलं

प्लेपा गाव ते दुर्रेस शहर या बसमध्ये कंडक्टर मेरुशे चेला एकाच माणसाला दोनदा तिकीट विचारत नाही. एकोणीस वर्षांत तिच्याकडून ही चूक दोनदा झाली, आणि ती दोन्ही माणसं तिला कपड्यांसकट आठवतात. पैसे दिलेल्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याला भर बसमध्ये लबाड म्हणणं. दुर्रेसमध्ये लोक एवढ्यावरून बोलणं टाकतात.

चेहरे ती लक्षात ठेवत नाही. चेहरे वळतात, डुलकी घेतात, मफलरीत शिरतात. ती सामान बघते आणि पाय बघते. "तोंड फिरवता येतं, बूट कुठे लपवणार?" असं ती नव्या कंडक्टरांना सांगते. बस हलायच्या आत कोणत्या दारानं किती चढले ते पाहून ठेवायचं, मग मागून पुढे यायचं. मधे कोणी जागा बदललीच तर पिशवीवरून माणूस सापडतो. तिचं वय त्रेपन्न. अठराव्या वर्षी ती खेड्यातून दुर्रेसच्या सिगारेट कारखान्यात आली, कारखाना बंद पडल्यावर काही वर्षं फुटपाथवर मोजे विकले, मग बसवर लागली. नवरा बंदरात क्रेन चालवतो. घरात तो शांत असतो, कारण बसमधून आल्यावर मेरुशेला कोणाचाही आवाज नको असतो.

आमच्याकडे बसमध्ये ओळखीचं माणूस दिसलं की त्याचं तिकीट आपण काढायचं असतं. पुढे उभा असलेला दोन बोटं वर करतो, हनुवटीनं मागचा बाक दाखवतो आणि डोळ्यांनी सांगतो की बोलू नकोस. दोन्ही तिकिटं त्याच्याच खिशात जातात. मागच्याला कळतं ते त्यानं पाकीट काढल्यावर. कंडक्टर म्हणते, "तुमचं झालंय." मग तो मान उंच करून गर्दीत शोधू लागतो आणि देणारा खिडकीतून समुद्र न्याहाळत असतो. जमलं तर तो आधीच उतरून जातो. सापडला तर हुज्जत होते आणि पुढल्या खेपेला त्याची परतफेड करावी लागते.

ही रीत सगळ्यांना मान्य आहे, फक्त बस कंपनीला नाही. बिनतिकिटाचा प्रवासी सापडला की कंडक्टरनं पैसे घेऊन तिकीट फाडलं नाही, असं कंपनी धरून चालते. एक ताशेरा माफ, दुसऱ्याला घरी. मेरुशेचा पहिला ताशेरा जूनमधला. एका बाईचं तिकीट खिडकीतून उडालं, आणि नाव मेरुशेचं लागलं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी बस शहरातून प्लेपाकडे निघाली. बंदराच्या फाटकापाशी जेवदेत बुशी चढला. जहाजांच्या गोदीतला जुना वेल्डर, हातात गळाची काठी. मागच्या बाकावर पांडेली मास्तर नुकतेच येऊन बसले होते. त्यांनी त्याला गणित शिकवलं होतं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. मेरुशे मागे निघाली होती, तेवढ्यात जेवदेतनं दोन बोटं वर केली. मेरुशेनं दोन तिकिटं फाडून त्याला दिली. दायलानच्या पुलावर तो उतरला.

मेरुशे मागे पोचली तेव्हा मास्तरांनी पाकीट काढलं होतं.

"ठेवा ते, मास्तर. तुमचं झालंय."

"कोणी केला हा आगाऊपणा?"

"मी आंधळी आहे."

"एकोणीस वर्षं आंधळी आणि सुटे पैसे मात्र बरोबर!" मास्तर पुटपुटले आणि पायाशी ठेवलेली कांद्याच्या पातीची जुडी सरळ करू लागले.

पुढच्याच थांब्यावर तपासनीस चढला. एर्योन नावाचा, तिशीचा, नोकरीत नवा. पुढून तपासत तो मास्तरांपाशी आला.

"तिकीट?"

"माझं झालंय."

"दाखवा."

"माझ्याकडे कुठून असणार? दुसऱ्यानं काढलंय."

"कोणी?"

"ते कळलं असतं तर त्याला इथेच धरला नसता का मी?"

बस हसली. एर्योननं खिशातून ताशेऱ्याचा छापील कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. ते पाहून मांडीवर अंड्यांची टोपली घेतलेली एक बाई म्हणाली, "अरे, लिहितोस काय? मास्तरांचं तिकीट मी काढलंय."

"मग दाखवा दोन्ही."

बाईंनी एकच दाखवलं. "दुसरं पडलं असेल कुठेतरी. अंडी सांभाळू की कागद सांभाळू?"

"त्यांनी नाही, मी काढलं," दाराशी उभी असलेली नर्स म्हणाली. "मास्तरांनी माझ्या आईला शिकवलंय."

"मीच दिले पैसे!" पुढून राकिप ड्रायव्हर ओरडला. "हवं तर माझ्या पगारातून कापा!"

एर्योननं मोठ्यांदा वाचत लिहिलं, "तीन जणांनी पैसे दिल्याचा दावा. तिकीट एकही नाही." मग मान वर केली. "ताई, सगळ्यांना पढवून ठेवलंय वाटतं?"

आता मेरुशे चिडली, पण त्याच्यावर नाही. "तोंडं मिटा सगळ्यांनी! भलं करायला निघालात आणि मला चोर ठरवताय. राकिप, तू रस्ता बघ." तिनं तिकिटांचं पुस्तक एर्योनच्या पुढ्यात धरलं. "चारशे सतरा आणि चारशे अठरा. एकाच माणसानं घेतली, जेवदेत बुशीनं. बंदराच्या फाटकाशी चढला. तपकिरी गमबूट, उजव्याला काळी चिकटपट्टी. पुलावर उतरला. मंगळवारी तो तिथे गळ टाकून बसतो, दुपारी दोनपर्यंत उठत नाही. परतताना पूल लागतोच. चल माझ्याबरोबर."

"मला अजून दुसरी बस तपासायची आहे."

"तपास की. पण मग या कागदावर माझी सही नाही."

कंडक्टरच्या सहीशिवाय ताशेरा पुढे जात नाही, हे एर्योनला माहीत होतं. तिलाही माहीत आहे हे त्याला आत्ता कळलं. तो समोरच्या रिकाम्या सीटवर बसला.

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"कशाला म्हणेल?"

प्लेपा आलं. बस रिकामी होऊ लागली, मास्तर मात्र हलले नाहीत.

"मास्तर, तुमचं घर आलं."

"घर कुठे पळतंय? आणि आता मला त्या इसमाचं नाव कळलंय."

राकिपनं गाडी वळवली. परतीची माणसं चढली, मेरुशेनं मागून पुढे त्यांची तिकिटं फाडली, नेहमीच्याच वेगानं. एर्योन तिच्या हातांकडे बघत होता. तिनं कोणाला दोनदा विचारलं नाही आणि कोणाला सोडलंही नाही. पुलापाशी राकिपनं भोंगा तीनदा वाजवला. जेवदेत काठी कठड्याला टेकवून उठला आणि कुरकुरत दाराशी आला.

"काय पेटलंय? मासे पळवलेत सगळे."

"जेवदेत, सकाळी मास्तरांचं तिकीट तू काढलंस ना?" मेरुशेनं विचारलं.

जेवदेतनं खिडकीत पाहिलं. मास्तर त्याच्याकडेच बघत होते, चष्म्यावरून.

"मी? छे. मास्तर मला दिसलेसुद्धा नाहीत."

एरवी कोणत्याही दिवशी हेच उत्तर रीतीचं होतं. केलेलं असं तोंडावर कबूल करणं म्हणजे मिरवणं. एर्योननं पेनाचं टोपण काढलं. अंडीवाल्या बाई अजून बसमध्ये असत्या, तरी मघाचं ऐकून त्यांनी या वेळी तोंड उघडलं नसतं.

मेरुशे खाली उतरली. फेरी चालू असताना ती बसमधून उतरते असं राकिपनं पहिल्यांदाच पाहिलं. ती जेवदेतच्या समोर उभी राहिली.

"तुझा मोठेपणा त्या पाण्यात सोड. हा माणूस मला चोर म्हणून लिहितोय, आणि हे दुसऱ्यांदा होतंय. उद्यापासून मी घरी. सकाळी तू दोन बोटं वर केलीस. तिकिटं काढ."

जेवदेतचा चेहरा उतरला. त्यानं छातीच्या खिशातून एक लहानशी घडी काढली. तिकिटंच होती ती. गळाचे आकडे खिशाला टोचू नयेत म्हणून त्यानं दोन्ही तिकिटं दुमडून त्यांत आकडे खोचले होते. त्यानं एकेक आकडा सोडवला. सहा होते. तोवर मागे थांबलेल्या ट्रकनं दोनदा हॉर्न दिला, राकिपनं खिडकीतून हात काढून त्याला गप्प केलं.

एर्योननं तिकिटं उलगडली. चारशे सतरा स्पष्ट होतं. दुसऱ्यावरच्या शेवटच्या अंकातून गळ गेला होता.

"हे आठच आहे ना?"

"पुस्तकात चारशे एकोणीसपासूनची कोणाला दिली आहेत तेही सांगू का?" मेरुशे म्हणाली.

"नको, नको." त्यानं तीन जणांच्या दाव्याची ओळ खोडली आणि वर लिहिलं की प्रवाशाचं तिकीट सहप्रवाशाकडे मिळालं. मेरुशेनं कागद हातात घेऊन सावकाश वाचला.

"नंबर घाल. दोन्ही."

त्यानं घातले. मग तिनं सही केली.

तोवर मास्तर जुडी बगलेत मारून खाली उतरले होते. "दिसलोच नाही मी, नाही का? वर्गातही तुला फळा दिसायचा नाही."

"मास्तर, आपलं काही..."

"काही नाही म्हणजे? चल, समोर कॉफी पाजतो. आणि पाकिटाला हात लावलास तर बघ."

"आता गळ टाकलाय, मास्तर."

"असू दे टाकलेला. मासा आला तर थांबेल."

बस सुटली. एर्योन दाराशी उभा राहून पुढच्या बससाठी कोरा कागद काढत होता. बंदराच्या अलीकडे निळ्या टोपीचा एक माणूस चढला, मागे कोणीतरी ओळखीचं दिसलं, त्यानं दोन बोटं वर केली आणि डोळ्यांनी खूण केली. मेरुशेनं दोन तिकिटं फाडली. एक त्याला दिलं. दुसरं घेऊन ती गर्दीतून वाट काढत मागच्या बाकापर्यंत गेली आणि तिथे बसलेल्या बाईच्या तळहातावर ठेवलं.

"हे त्या निळ्या टोपीवाल्यानं काढलंय. जपून ठेवा."

निळी टोपी लाल झाली. तो पुढून ओरडला, "मावशी, ही काय पद्धत झाली? सगळी मजाच घालवलीत!"

"हो," मेरुशे म्हणाली आणि पुढच्या माणसाचे बूट बघायला लागली.