एका पायातलं जोडवं

बेळगाव स्टेशनात गाडी शिटी देत होती आणि आई खिडकीचा गज धरून मला सावध करत होती. "तितलं पाणी उकळल्याबिगर पिऊ नगंस. शेजारणीनं दिल्यालं खाऊ नगंस. आणि कुणी लई गोड बोलाय लागलं की समज, कायतरी हाय." अण्णा, माझा थोरला भाऊ, बाजूला उभा राहून हसत होता. मी मात्र एकेक शब्द पदराला बांधून घेतला. माहेरहून नेलेल्या सामानात संशय तेवढा सोलापूरपर्यंत न सांडता पोचला.

आमचं बेळगावच्या खासबागेतलं घर विणकऱ्यांचं, सासरही विणकऱ्यांचं. हातमागाच्या साडीला गिऱ्हाईक उरलं नाही तसे सासरचे माग बंद पडले आणि आमचे हे सोलापूरच्या गिरणीत लागले. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस पाळीभर उभा राहू लागला. भोंग्यावर उठायचं, जाबराची, म्हणजे मुकादमाची, मर्जी राखायची, चाळीच्या नळावर नंबर लावायचा. घरी मराठीत कानडी मिसळायची, इथे तेलुगूही मिसळू लागली. शेजारची तेलुगू बाई सणासुदीला वाटीभर काहीबाही आणून द्यायची, गोड बोलायची. मी ते घ्यायची आणि ती वळली की मोरीत टाकायची.

काही वर्षांनी मला थंडीताप येऊ लागला. जांघेत गाठ यायची, डावा पाय लालबुंद होऊन ठणकायचा, चार दिवसांत ताप उतरायचा. उतरताना थोडी सूज मागे ठेवून जायचा. असं करत करत पाय घोट्यापासून असा भरला की पाऊल कुठे संपतं आणि पोटरी कुठे सुरू होते ते कळेना. चाळीत त्याला हत्तीपाय म्हणत. मला कुणाकुणाचा संशय आला म्हणून सांगू! पाण्याचा, शेजारणीच्या वाटीचा, कुणाच्या तरी करणीचा. एरंडाचं पान बांधून मी पाय गुंडाळून ठेवायची आणि त्याला थेंबभर पाणी लागू द्यायची नाही. सूज पाणी पिते, असं आमच्याकडे सगळेच म्हणत.

शेवटी हे मला दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या नर्सबाईंनी फडकं सोडलं, नाकाला पदर लावला नाही, एवढं मला आवडलं. पण पुढे म्हणाल्या, हा रोग डासांमुळे होतो. मी यांच्याकडे बघितलं. एवढासा डास आणि एवढा पाय! म्हटलं, ही बाई आपल्याला खेडवळ समजून थट्टा करतेय. पाय पूर्वीसारखा होणार नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. मात्र रोज साबणाने धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या, तर ताप कमी येतील म्हणाल्या. आणि मग त्यांनी बोट ठेवलं ते माझ्या जोडव्यावर. सुजलेल्या बोटात ते रुतलं होतं, खाली जखम होती. "हे कापून काढा. इथूनच विष आत जातंय."

नवरा जिवंत असताना जोडवं कापायचं? माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे मात्र लगेच म्हणाले, "जोडव्यावर जगतोय व्हय मी? काढ त्ये." त्यांनी इतक्या चटकन हो म्हणावं, याचाच मला संशय आला. सोनाराने जोडवं कापलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. जखम भरली, ताप कमी येऊ लागले. पण उजव्या पायात जोडवं आणि डावा पाय ओका, असं माझं सौभाग्य अर्ध्यावर आलं.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि मी खासबागेला निघाले. यांना रजा मिळाली नाही. एकटीच मिरजेला गाडी बदलून आले. दारात सगळ्यांनी आधी पाय बघितला, मग मला. हळद कांडायला सवाशिणींना बोलावलं तेव्हा मी उठले, तर चुलती म्हणाली, "आक्का, तू बस गं. तुझा पाय दुखंल." इतकं गोड! हळद कांडायला पाय लागतो कशाला? मागे कुजबुज ऐकू आली, "एका पायात हाय, एका पायात न्हाय, आणि नवरा बी आला न्हाय." मी पाऊल लुगड्याखाली ओढून घेतलं आणि मुसळाचा आवाज ऐकत बसले.

संध्याकाळी आईनं मला परसात नेलं. मला वाटलं, पायाला हात लावेल. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग बाई, जावयानं टाकलं न्हाय न्हवं तुला?"

"न्हाय गं," म्हटलं. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्या दिवसाइतकं पोरकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. आईचा राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. खरंच रजा मिळाली नव्हती? जोडवं कापायची एवढी घाई का झाली होती? अक्षता पडल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी निघाले. अण्णा "ऱ्हा की गं चार दिस" म्हणाला, पण त्यानं सामान आधीच बैलगाडीत ठेवलं होतं.

सोलापूर स्टेशनात हे नव्हते. खोलीला कुलूप. शेजारणीनं किल्ली आणून दिली, तिच्याकडेही मी नीट बघितलं नाही. दार उघडलं तर आमची एकुलती एक बाज उताराला लागलेली. पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली विटा.

हे पाळीवरून आले तेव्हा मी विचारलं, हे काय? म्हणाले, "नर्सबाईला इचारून आलो, आणि काय करता येतंय म्हणून. म्हणाली, झोपताना पाय वर पायजे."

"आणि तुम्ही?"

"बाज एकच हाय न्हवं? मी बी तसाच झोपतोय. पैल्या राती डोकं लई जड झालतं. आता जमतंय."

मी तोंड फिरवून चूल पेटवायला बसले. डोळ्यांना धूर लागला असं त्यांना वाटलं असेल तर वाटो.

आता स्वराज्य आलं. पाय आहे तसाच आहे. ताप क्वचित येतो. माझा संशयी स्वभावही आहे तसाच आहे, मात्र वाटीतलं मी आता खाते. खासबागेतल्या माझ्या माणसांनो, तुमची आठवण येते. मागांची खटखट अजून स्वप्नात ऐकू येते, आणि आईनं विचारलं तेही अजून टोचतं. माझ्यासारख्या परमुलखात गेलेल्या पोरींनो, पाय गुंडाळून ठेवू नका, धुवा. आणि कुणी विचारलंच, आक्काचं घर कुठलं, तर खासबाग सांगू नका. सांगा, जिथे तिच्या पायापायी एक धडधाकट माणूस इतकी वर्षं डोकं खाली करून झोपतोय, तिथलं.