जाळ्याच्या गाठीचं नाव

कोल्हापूरहून सकाळची मालवण गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दशम्या, बी.पी.च्या गोळ्या आणि ह्यांची निळी वही होती. दोन हजार चारचा डिसेंबर. हे जाऊन वर्ष झालं होतं, आणि वहीतली एक जागा कोरी राहिली होती. ती भरायला निघाले होते.

आधी वहीचं सांगते. नोकरीपायी हे परदेशात एका थंडगार शहरात सात वर्षं होते. तिथं दर हिवाळ्यात पुरुषांची मोठी टेनिस स्पर्धा व्हायची, पक्क्या व्यावसायिक खेळाडूंची, छपराखाली. हे रजा काढून रेषेवरचे पंच व्हायचे. निवृत्तीनंतर त्या स्पर्धेचा इतिहास लिहायला बसले. पहिल्या वर्षी लाकडी फळ्यांवर खेळले, चेंडू नुसता सरपटायचा. मग हिरव्या गालिच्याचे पट्टे अंथरू लागले. गालिचा गेला, निळी कडक जमीन आली. शेवटी बक्षीस देणारी कंपनी निघून गेली आणि स्पर्धाच मिटली. सगळं लिहिलंय. फक्त एका अंतिम सामन्यापाशी असं आहे: ‘जाळं मधोमध फाटलं. बदलीचं जाळं कोठीत, किल्ली सापडेना. मैदान मांडणाऱ्या मालवणच्या जगन्नाथने तिथल्या तिथे विणून दिलं. त्या गाठीचं नाव –’ आणि समासात, ‘जगन्नाथला विचारणे.’

गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीला चहा घेतला. पुढे आंब्याच्या बागा, लाल माती, आणि मालवणात उतरताच तो खारट वारा. रिक्षावाल्याला म्हटलं, कोर्टावर काम करायचे ते जगन्नाथ, त्यांच्याकडे सोड. त्याने मान डोलावली आणि मला नेऊन उभं केलं ते थेट दिवाणी कोर्टाच्या दारात. आता काय बोलायचं? शिपायाने बिचाऱ्याने जुन्या कारकुनांची नावं आठवून बघितली, त्यात जगन्नाथ नाही. टेनिस म्हटल्यावर तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

पायरीवर एक मासेवाली तारखेसाठी बसली होती, शेवंता तिचं नाव. ती म्हणाली, “टेनिस? मगे तो कोर्टातलो जगू गो बाये. ह्या कोर्टात तो कधी येवक नाय, पण आमचे कागद तोच वाचता.”

तारीख पुढची पडली होती, म्हणून तीही रिक्षात बसली. रिकामी पाटी मांडीवर, आणि तोंड अखंड चालू. जगू परदेशातून आला आणि कोर्टात होतो म्हणाला, तेव्हापासून वाडीतले लोक जमिनीचे कागद घेऊन त्याच्या दारात. जाळं विणल्याची गजाल (गोष्ट) त्याने एकदा सांगितली, सगळे थाप समजून हसले. तेव्हापासून तो गप्प.

जगूभाऊ खाडीकाठी माडाखाली जाळंच दुरुस्त करत बसले होते. ह्यांचं नाव सांगितलं तसे उठून हात जोडले. पण सामन्याचं काढलं की मान खाली. “ती गजाल नको वयनी. पयली जेवा.”

त्यांच्या बायकोने घावणे वाढले, बांगड्याचं तिखलं (आमसुलं घातलेलं झणझणीत कालवण), वर सोलकढी. मी दोनदा मागून घेतलं. तरी भाऊ काही बोलेनात. मग मी वही उघडली आणि ते पान मोठ्याने वाचलं.

शेवंता पाटी खाली ठेवून म्हणाली, “म्हणजे खराच?”

“साहेबांनी लिवल्यानी?” भाऊंनी दोनदा विचारलं. अक्षरांवर बोट फिरवलं. मग म्हणाले, “आणि आपला लिवक नाय त्येंनी?”

ह्यांचं काय लिहायचं राहिलं, मी विचारलं. तेव्हा भाऊंनी सांगितलं. मुख्य पंच तर त्यांना जाळ्याला हात लावू देत नव्हते. तेव्हा आमचे हे रेषेवरची खुर्ची सोडून पुढे गेले आणि म्हणाले, हा माझ्या मुलखातला, ही गाठ सुटली तर मी परत या खुर्चीत बसणार नाही. तेव्हा कुठे मुख्य पंच बाजूला झाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. सोलकढीचा पेला खाली ठेवला आणि पेन काढलं.

“आणि गाठीचं नाव?”

भाऊ हसले. “गाठीक कोण नाव ठेयता, वयनी? आवशीन हात धरून शिकयल्यान, इतक्याच.”

मी कोऱ्या जागी लिहिलं, ‘आवशीची (आईची) गाठ’. खाली माझ्या वाकड्या अक्षरात खुर्चीची हकीकत लिहिली. वहीची शिवण उसवली होती, ती भाऊंनी जाळ्याच्या दोऱ्याने घट्ट करून दिली. निघाले तेव्हा शेवंता शेजारच्या अंगणात सगळी गजाल पहिल्यापासून सांगत होती.

परतीच्या गाडीत घाट चढताना वही मांडीवर होती. शिवणीवरून बोट फिरवत होते आणि मनात येत होतं, ह्यांनी ते नाव तेव्हाच विचारून टाकलं असतं तर वही पुरी झाली असती. मी घरात बसून वाचली असती, मिटली असती, आणि ती खुर्ची मला कधी कळली नसती. बरं झालं, हे विचारायला विसरले.