पावसात थांबणारे टायर

खालापूरजवळ रस्ता रुंद झाला तेव्हा कडेचं टायरचं दुकान गेलं. तिथून जाताना अजून मला तो दुकानदार आठवतो. साठीचा, काटकुळा माणूस. टायर दाखवण्याआधी तो खाचांतून अंगठा फिरवायचा, मग रबरात नख रुतवून बघायचा.

मी माझ्या जुन्या गाडीसाठी स्वस्त आणि टिकाऊ टायर मागितले होते.

"पावसात कुठं जाता?" त्यानं विचारलं.

"रोज कर्जतला. शाळेत शिकवतो."

"मग ह्ये नको, सर. रबर कडक हाय. टिकंल लय, पन वल्या रस्त्याला धरनार नाय." त्यानं मऊ रबराचे, खोल खाचांचे टायर पुढे केले. "टायर किती वर्सं टिकंल, ह्ये समदेच इचारतात. पावसात गाडी थांबंल का, ह्ये कोन इचारत नाय."

मी कुरकुरतच घेतले.

त्याच श्रावणात एका मोठ्या सरीत, छत्रीआडून एक शाळकरी मुलगी एकदम गाडीसमोर आली. मी ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता हा आपल्या टायरची बढाई मारणार. त्यानं पेढा हातात तसाच धरला आणि हळूच विचारलं, "पोर लय घाबरली आसंल. तिला घरी सोडली ना तुमी?"

मी सोडलं नव्हतं. आपण सुटलो, एवढ्याच आनंदात मी पेढे घेतले होते.